जाळ अन् धूर संगटच: एका डिझेल पिकअपच्या धुराड्यातून आग का येत होती, त्याचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

ही केस एका जुन्या डिझेल पिकअपची आहे. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅसच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा), डिझेलचा मेकॅनिकल इनलाइन पंप, कॉम्प्युटर-सेन्सर काही नाही. मालक शिरोळ तालुक्यातला, घरची ऊस वाहतूक, दारात ट्रॅक्टर, त्यामुळं डिझेल इंजिन लहानपणापासून हाताखालून गेलेलं. नाव-गाव लिहीत नाही, त्याची परवानगी घेऊनच लिहितोय, आणि गाडी ओळखू येईल असे एकदोन तपशील गाळलेत.

गाडी रस्त्यावर चालवायची नव्हतीच. माळावर ज्या चिखल-चढाच्या स्पर्धा होतात, वीस-पंचवीस सेकंद फुल रेस देऊन चढ मारायचा आणि घड्याळ लावायचं, त्यासाठी ती वेगळी काढून ठेवलेली, आणि न्यायची ती पण दुसऱ्या ट्रकवर घालून. हे आधीच सांगतो कारण असलं इंजिन अन् असलं धुराडं रस्त्यावरच्या गाडीला लावलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते बसत नाही, आणि पीयूसीचा तर प्रश्नच येत नाही.

आपल्याकडं पंप वाढवणं, म्हणजे पंपातनं दर फवाऱ्याला जास्त डिझेल सोडायला लावणं, नवीन नाही. गाळप हंगाम तोंडावर आला की दोन ट्रेलर ओढायला ट्रॅक्टरचे पंप वाढवून घ्यायला रांग लागते आणि हंगामभर ते काळा धूर सोडत कारखान्याला जात असतात. मालकानं तोच हिशेब इथं लावला. पंप वाढवला, सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलची भोकं मोठी घेतली, जुन्या बाजारातनं एका मोठ्या गाडीचा टर्बो आणून बसवला, सायलेन्सर काढून टाकला आणि टर्बोच्या तोंडापासून सरळ वर बॉनेटला भोक पाडून तीन फुटी पाइप उभा केला. पंपावर एक बूस्टचा डायफ्राम असतो, टर्बोनं हवा दिल्याशिवाय पूर्ण डिझेल सोडायचं नाही एवढंच त्याचं काम, तोही जाम करून टाकला, कारण त्यानं गाडी सुरुवातीला उचलत नाही असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. हे सगळं डोक्यात आलं ते अमेरिकेतल्या ट्रक पुलिंगच्या व्हिडिओंवरनं, जिथं बॉनेटमधून उभ्या पाइपातनं पुरुषभर जाळ निघतो आणि पब्लिक वेडं होतं.

पहिल्या ट्रायलला अंधार पडत आलेला. गाडी चढाच्या मध्यावर आली आणि धुराड्यातनं हातभर पिवळाजर्द जाळ बाहेर पडला, खाली काळा धूर आणि वर आग. व्हिडिओ रात्रीत सगळ्या ग्रुपवर. नाद खुळा, जाळ अन् धूर संगटच, असल्या कमेंटी.

नेमकी अडचण

जाळ दिसत होता पण घड्याळ हलत नव्हतं. तोच चढ, तेच टायर, तोच ड्रायव्हर (मालकाचा चुलतभाऊ), आणि वेळ पंप वाढवायच्या आधी होती जवळपास तेवढीच. चढाच्या शेवटच्या टप्प्यात गाडी दम टाकायची, रेस पूर्ण दाबलेली असली तरी आवाज जड व्हायचा आणि आरपीएम खाली यायचे. खाली आल्यावर बॉनेट उघडलं की मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका गॅस टर्बोकडं नेणारा पाइप, लालभडक. आणि शेजारच्या तालुक्यातली एक गाडी, जिच्या धुराड्यातून फक्त करडा धूर यायचा, ती ह्यांच्यापेक्षा सरळ सरळ पुढं होती.

गाडी आमच्याकडं कोल्हापूरच्या उद्यमनगरात आली तेव्हा मालकाची मागणी दुहेरी होती. "भावा, जाळ अजून मोठा पायजे, आनी शेवटाला दमतीया तेवढं बघ." त्याच्या लेखी ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. माझ्या मते ती एकच गोष्ट होती, आणि ते त्याला पटवून देणं हाच ह्या केसमधला सगळ्यात अवघड भाग होता, कारण व्हिडिओ बघून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलेलं.

जाळ येतो कुठून

आधी एक गैरसमज काढू. बुलेटच्या सायलेन्सरमधून फटाका फुटतो तो प्रकार वेगळा. पेट्रोल इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण न जळता सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथं पेटून धाडकन आवाज येतो, म्हणून ते बहुतेक वेळा रेस सोडल्यावर होतं. डिझेलमध्ये रेस सोडली की पंप डिझेलच तोडतो, जळायला मागं काही उरत नाही. डिझेलचा जाळ येतो तो उलट पूर्ण लोडवर, रेस दाबलेली असताना, आणि तो फटाका नसतो, सलग घोंगावणारा जाळ असतो.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेल इंजिनात हवा आणि इंधन आधी मिसळून येत नाही, नोझलमधून फवारा मारला की मिळेल तिथं मिळेल तशी हवा गाठून ते जळतं, त्यामुळं कागदावरच्या साडेचौदावर भागत नाही. अठरा-वीस किलो हवा असेल तर धूर आटोक्यात राहतो, अठराच्या खाली आलं की काळा धूर, आणि साडेचौदाच्याही खाली गेलं की काही डिझेलला सिलिंडरात ऑक्सिजन मिळूच शकत नाही, मग तुम्ही काहीही करा. ते अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि डिझेलची वाफ होऊन बाहेर पडतं.

आता हा गॅस थंड असता तर नुसता धूर दिसला असता. पण तो तापलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड ६०० अंशाच्या थोडं वर गेला की हवा मिळताक्षणी ठिणगीशिवाय पेटतो, डिझेलची वाफ तर त्याच्या किती तरी आधी. पाइपाच्या आत ऑक्सिजन संपलेला म्हणून आत गप्प, आणि पाइपाच्या तोंडाशी बाहेरची ताजी हवा भेटली की तिथं भडका. पिवळा-नारिंगी रंग असतो तो तापून चमकणाऱ्या काजळीचा. गुऱ्हाळावर ज्यांनी चुलवाण बघितलंय त्यांना हे लगेच कळेल, पाचट-चिपाड जास्त कोंबलं की आत हवा पुरत नाही आणि धुराड्याच्या टोकाला जाळ दिसतो, पण काहिलीतला रस काही त्यानं लवकर उकळत नाही.

दुसरं कारण वेळेचं. ३००० आरपीएमला एक फेरा २० मिलिसेकंदात होतो. पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाल्यापासून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत साधारण ७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात जे काय जळायचं ते जळायचं. पंप वाढवला की फवारा जास्त वेळ चालतो, म्हणजे शेवटचं डिझेल उशिरा पडतं, पिस्टन निम्म्यात गेलेला असतो, आणि ते जळत असतानाच व्हॉल्व्ह उघडतो. ती उष्णता पिस्टन ढकलत नाही, मॅनिफोल्ड अन् टर्बो तापवते. टायमिंग, म्हणजे फवारा सुरू व्हायची वेळ, मागं असेल तर हे आणखी वाढतं.

तिसरं म्हणजे पाइपाची लांबी. टर्बोमधून जाताना गॅस शंभर-दीडशे अंश थंड होतो, लांब पाइप अन् सायलेन्सर असेल तर अजून थंड होतो आणि टोकाला पोचेपर्यंत पेटण्याइतकी उष्णता राहत नाही. तीन फुटी उघड्या पाइपात तसं होत नाही. म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरला जे आत होतं तेच इथं होत होतं, फक्त इथं ते दिसत होतं.

मोजमाप

पंपवाले काका, ज्यांचं अख्खं आयुष्य पंप आणि नोझलमध्ये गेलंय, त्यांनी गाडीचा आवाज ऐकूनच मान हलवली. पण मालक नुसत्या मान हलवण्यावर ऐकणारा नव्हता, म्हणून ठरवलं की आधी मोजू, मग बोलू. कोल्हापुरात एक सोय आहे, फाउंड्र्या चिक्कार, त्यामुळं थर्मोकपल (उष्णता ओळखणारी तार) आणि पायरोमीटर (तिचा आकडा दाखवणारं मीटर) ही वस्तू इथं अपूर्वाईची नाही. शिरोलीतल्या ओळखीच्या फाउंड्रीतनं के टाइप थर्मोकपल आणला, मॅनिफोल्डला टर्बोच्या आधी आटा पाडून बसवला, दुसरा टर्बोच्या नंतर पाइपात.

चढावर गाडी घातली. दहा सेकंदांत टर्बोच्या आधीचा काटा ७५०च्या पुढं, चढ संपताना ८८० आणि अजून चढतच होता. टर्बोनंतर साधारण ७४०. जाळ दिसायला लागला तो टर्बोनंतरचा काटा साडेसहाशे ओलांडून थोडा वर गेल्यावर. मालक शेजारीच उभा होता, वरचा जाळ आणि हातातला आकडा दोन्ही एकदम बघत होता.

आता हे ८८० किती वाईट? अशा साध्या अॅल्युमिनियम पिस्टनच्या इंजिनात टर्बोआधी ७००च्या आसपास सलग चालणं ही बऱ्याच जणांनी धरलेली मर्यादा आहे. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. पिस्टन टिकतो कारण खालून तेल आणि बाजूनं रिंगा-लायनर त्याची उष्णता ओढून नेतात, पण सरासरी उष्णता एवढी चढली की ते ओढणं कमी पडतं, आणि सगळ्यात आधी जातो तो पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीचा काठ.

मग पंप आणि नोझल उतरवले. नोझल टेस्टरवर काकांनी एकेक लावला आणि हँडल दाबलं. चांगला नोझल घुरघुरतो आणि धुक्यासारखा फवारा मारून एकदम तुटतो, टोक कोरडं राहतं. ह्यातले दोन ठीक. तिसऱ्याचा फवारा एका बाजूला झुकलेला. चौथ्याच्या टोकाला हँडल सोडल्यावर एक थेंब जमला, फुगला, खाली पडला, परत दुसरा जमला. काका म्हणाले, "बघ पोरा, ह्यो थेंब जळत न्हाई, ह्यो नुसता पेटतोय." चौथ्या नोझलच्या भोकातून कॅमेऱ्याची वायर आत सोडली तर त्या पिस्टनच्या वाटीचा काठ एका जागी धुपून गोल झालेला दिसला, नखानं खरवडल्यासारखा.

पंप बेंचवर लावला. पंपवाले डिझेल मोजतात ते हजार स्ट्रोकला किती सीसी असं. ह्या पंपावर ९५ सीसी निघत होतं. इथनं पुढचा हिशेब कागदावर मांडला, आणि मालक हलला तो ह्या हिशेबावर, म्हणून पूर्ण देतो.

३००० आरपीएमला चार सिलिंडर मिळून मिनिटाला ६००० फवारे. ९५ सीसी प्रति हजार म्हणजे एका फवाऱ्याला साधारण ७९ मिलिग्रॅम, म्हणजे मिनिटाला ४७० ग्रॅमच्या आसपास डिझेल. आता हवा. अडीच लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला मिनिटाला ३७५० लिटर ओढणार. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यात उन्हाळा, म्हणजे हवा पातळ, टर्बोनं एक बार दाब दिला तरी इंटरकूलर (टर्बोनं दाबलेली हवा थंड करणारी जाळी) नसल्यानं दाबलेली हवा सव्वाशे-दीडशे अंशाला तापून परत पसरलेली. सगळं धरून मिनिटाला साडेपाच ते पावणेसहा किलो हवा आत जात होती. भागाकार केला तर एका किलो डिझेलला बारा किलो हवा. लागते किमान साडेचौदा. म्हणजे दर मिनिटाला सत्तर-ऐंशी ग्रॅम डिझेल असं होतं ज्याच्या नावाची हवा सिलिंडरात नव्हतीच. जाळ होता तो ह्याचा.

कुठले मार्ग होते

स्पर्धा तोंडावर होती, त्यामुळं वेळ कमी आणि सल्ले देणारे भरपूर.

पहिला मार्ग, आहे तसं राहू द्यायचं. बाजू अशी की अमेरिकेत पण जाळ काढतातच की, तिथं वेडे लोक आहेत काय? ह्याला नीट उत्तर देणं गरजेचं होतं. तिथं पुलिंगची राष्ट्रीय संघटना १९६९ पासून आहे, वजन लादलेली घसरगाडी, म्हणजे स्लेड, साधारण ३०० फूट ओढायची, स्लेडवरचं वजन पुढं सरकत जातं तसा लोड वाढतो, आणि सगळा खेळ काही सेकंदांचा. बऱ्याच वर्गांत टर्बोच्या हवेच्या तोंडाचं माप नियमानं बांधलेलं, उदाहरणार्थ २.६ इंच, म्हणजे हवा वाढवायला मर्यादा, मग उरलेली ताकद शोधताना माणूस शेवटच्या ऑक्सिजनच्या कणापर्यंत डिझेल घालतो आणि थोडं जास्तच घालतो, त्याचा तो जाळ. पण त्यांचे पिस्टन, हेडचे स्टड, सगळं त्या उष्णतेसाठी केलेलं असतं, काही वर्गांत हवेबरोबर पाणी फवारून थंड करतात, आणि इंजिन वरचेवर उघडायची तयारी असते. आपल्या गाडीत मूळ पिस्टन, मूळ हेड गॅस्केट (हेड अन् ब्लॉकच्या मधली सील), आणि टर्बोला कुणी बांधून ठेवलेलं नाही. त्यांची अडचण आपली नाही, मग त्यांचा उपाय आपण का घ्यायचा?

दुसरा मार्ग एका ओळखीच्यानं सुचवला, पाइप लांब करा, जाळ दिसणार नाही. हा मला सगळ्यात धोकादायक वाटला. जाळ दिसत होता म्हणून तरी गाडी आमच्याकडं आली. पाइप लांबवून पिस्टनला काहीच फरक पडणार नव्हता.

तिसरा, पंप सरळ खाली घ्यायचा. एका तासाचं काम, खर्च नगण्य, इंजिन वाचणार हे नक्की. पण आहे तेवढ्या हवेत धुराच्या मर्यादेत राहायचं तर ६४-६५ सीसीवर यावं लागणार होतं, आणि एवढ्यावर शेजारच्या तालुक्यातली गाडी गाठता येणार नव्हती.

चौथा, हवा वाढवायची. इंटरकूलर, टर्बोचा दाब थोडा वर, हवेचा फिल्टर मोठा. खर्च आणि वेळ दोन्ही लागणार, पण ताकद मिळणार ती इथनंच.

पाचवा, टायमिंग पुढं घ्यायचं, म्हणजे डिझेल लवकर पडून लवकर जळेल आणि एक्झॉस्ट थंड होईल. हे खरंय, पण त्यानं सिलिंडरातला दाब वाढतो, आणि जास्त डिझेलवर जास्त टायमिंग म्हणजे हेड गॅस्केटला आमंत्रण. पाणी फवारायचा विचारही झाला, पण स्पर्धेच्या आधी नवीन पंप-टाकी-जेटचा खटाटोप करून त्यात काही बिघडलं तर सिलिंडरात पाणी, म्हणून तो बाजूला ठेवला.

मालकाचं मत पडलं चौथ्या आणि पाचव्यावर एकदम, आणि पंप ९५ वरच ठेवायचा. म्हणजे हवा वाढवू, जाळ पण राहील, ताकद पण येईल. इथं काका आणि त्याच्यात चांगलीच जुंपली. शेवटी तोडगा असा निघाला की टप्प्याटप्प्यानं बदल करायचे, प्रत्येक टप्प्यानंतर चढ आणि पायरोमीटर, आणि आकडा सांगेल ते ऐकायचं.

काय केलं

आधी नोझल. चारही नवीन घेऊन एका दाबाला जुळवून बसवले, बाकी काही नाही. नुसत्या एवढ्यानं टर्बोआधीचा काटा ८८० वरून ८३०-८४० वर आला आणि जाळ अर्धा झाला. ह्याचं मालकाला फार आश्चर्य वाटलं, कारण डिझेल तेवढंच होतं. एक थेंबणारा नोझल एवढं करतो हे आकड्यात बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

मग टर्बो काढून बघितला तर शाफ्टला बोटाला जाणवेल इतका खेळ आणि हवेच्या पाइपात तेलाचा ओलावा. हे फक्त ताकदीचं प्रकरण नव्हतं. टर्बोची सील गेली आणि तेल हवेच्या बाजूनं इंजिनात जायला लागलं तर डिझेल इंजिन त्या तेलावर चालतं, चावी बंद केली, पंप बंद केला तरी थांबत नाही, आरपीएम वाढत जातात आणि शेवटी फुटतं. थांबवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे हवा बंद करायची. टर्बोची दुरुस्ती करून घेतली, बेअरिंग-सील नवीन, शाफ्ट बॅलन्स.

इंटरकूलर एका मोडीत निघालेल्या ट्रकचा, ग्रिलच्या मागं बसेल असा कापून वेल्ड केला. दाब एक बारवरून १.३ वर नेला. आता दाबलेली हवा साठ-पासष्ट अंशाला आत जात होती, त्यामुळं मिनिटाला पावणेआठ किलोच्या आसपास हवा. पंप अजून ९५ वरच. साडेसोळा किलो हवा एका किलोला. चढावर जाळ जवळपास गायब, काळा धूर मात्र होता, काटा ७७०-७८०. आणि घड्याळ पहिल्यांदाच हललं, एका सेकंदाच्या वर फरक.

इथं खरा निर्णय होता. मालक म्हणाला आता बास, हेच ठेवूया. काकांचं म्हणणं पंप खाली घ्यायचाच. मी त्याला एवढंच म्हटलं की एकदा ८० सीसीवर करून बघू, वेळ वाढला तर परत ९५ करू, बोल्ट आपल्याच हातात आहे. पंप ८० वर आणला, डायफ्राम मोकळा करून परत जोडला, टायमिंग फक्त दोन अंश पुढं. हवा-डिझेलचा हिशेब वीसच्या जवळ. चढ मारला. काटा चढाच्या टोकाला ७०० च्या आसपास थांबला, धूर करडा, जाळ नाही, आणि वेळ ९५ सीसीच्या वेळेपेक्षा आणखी थोडा कमी, पहिल्यापासून धरला तर एकूण जवळपास दीड सेकंद. शेवटच्या टप्प्यात गाडी दम टाकत नव्हती हे ड्रायव्हरनं न विचारता सांगितलं.

कमी डिझेलवर गाडी जास्त पळाली, ह्यात जादू नाही. आधीचं जास्तीचं डिझेल ताकद देत नव्हतंच, उलट उशिरा जळून मॅनिफोल्डमधला दाब वाढवत होतं, आणि तो दाब ढकलून काढायला इंजिनाचीच ताकद जात होती.

सुरक्षेचं वेगळं काम केलं. पाइपात आडवे-उभे दोन बोल्ट घातले, म्हणजे टर्बोचं पातं तुटलंच तर तुकडा पब्लिकमध्ये उडणार नाही, पुलिंगच्या नियमात हे असतं आणि ते इथं उचलण्यासारखं आहे. पाइपाजवळची डिझेलची नळी आणि वायरिंग लांब नेलं, केबिनमध्ये आग विझवायचा सिलिंडर. उन्हाळ्यात माळावरचं गवत वाळून खडखडीत असतं, तापलेल्या काजळीची एक खपली पडली तरी वणवा लागायला वेळ लागत नाही, त्यामुळं उभ्या रांगेच्या जागी गवत कापून पाणी मारून घ्या असं आयोजकांना सांगितलं आणि त्यांनी ते केलं.

स्पर्धेत काय झालं

पहिल्या फेरीत गाडी वरच्या तीनमध्ये होती. दुसऱ्या फेरीत चढाच्या मध्यावर प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला आणि विषय तिथंच संपला. इंजिनाला काही झालं नाही. वाढलेली ताकद मागं जाणार होती आणि क्रॉस जुनेच होते, हे कुणी बघितलं नव्हतं, सगळं लक्ष पाइपाच्या तोंडाकडं.

पब्लिकमधून काही पोरं ओरडत होती, जाळ कुठंय म्हणून. ते मालकाला लागलं, खोटं कशाला सांगू.

पावसाळ्याच्या आधी हेड उघडलं. तीन पिस्टन चांगले. चौथ्याच्या वाटीचा काठ कॅमेऱ्यात दिसला होता त्यापेक्षा जास्त धुपलेला, आणि वरच्या रिंगच्या खाचेत रिंग अडकायला लागलेली. हे नुकसान पहिल्या, जाळाच्या दिवसांतलं होतं असं म्हणायला कारण आहे, बरोबर त्याच सिलिंडरचा नोझल थेंबत होता. हेड गॅस्केट शाबूत. पिस्टन, रिंगा, लायनर त्या एका सिलिंडरचे बदलले.

वेगळं काय करता आलं असतं

पायरोमीटर सगळ्यात आधी लागायला हवा होता, पंप वाढवायच्याही आधी. थर्मोकपल आणि मीटरचा खर्च एका पिस्टनच्या कामापेक्षा कमी आहे, आणि तो असता तर पहिल्या ट्रायललाच रेस सोडली गेली असती. आज ह्या गाडीच्या डॅशवर तो कायमचा आहे आणि ड्रायव्हरला सांगितलंय, ७५० दिसलं की पाय उचल, घड्याळ काय का म्हणेना.

डायफ्राम बंद करणं ही चूक बऱ्याच गाड्यांत दिसते. त्यानं सुरुवातीला गाडी उचलते असं वाटतं कारण धूर लगेच येतो. टर्बो फिरायला वेळ लागतोच, तोवर डिझेल ओतून फक्त काजळी मिळते.

इंटरकूलर पंपाच्या आधी बसला असता तर मधली निम्मी कामं वाचली असती. आपल्याकडं क्रम उलटा असतो, कारण पंपाचा बोल्ट फिरवायला पैसे लागत नाहीत आणि इंटरकूलरला लागतात.

पाणी फवारायचा पर्याय आम्ही वेळेअभावी सोडला, तो चुकीचा नव्हता. पुढच्या हंगामात पंप ८८-९० वर न्यायचा असेल तर तो आणि पिस्टनला खालून तेलाचा जेट, दोन्ही करायचं ठरलंय. काकांना ९० पटत नाही, त्यांचं म्हणणं आधी ८० वर दोन स्पर्धा पूर्ण करून दाखवा.

एक काम अजून राहिलंय. हवेच्या तोंडाला झटक्यात बंद होणारं झाकण, ड्रायव्हरच्या हाताशी केबल, इंजिन पळत सुटलं तर ओढायला. लेथवर बॉडी झालीये, स्प्रिंग नरम पडतेय म्हणून बदलायला दिलीये, आणि ते बसून दोनदा ओढून बघितल्याशिवाय गाडी ट्रकवर चढवायची नाही असं मालकानं स्वतःच ठरवलंय.